आज्जींचा थांबा: कॅरॅव्हॅनमधून सोलापूरच्या आसपास पाच दिवस

माझ्या सासूबाई प्रवासात पाणी पीत नाहीत. पुण्याला जायचं असो की अक्कलकोटला, निघताना गोळीपुरते दोन घोट, की मग घरी परत येईपर्यंत काही नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघतेय. कारण कुठल्याही बाईला विचारावं लागणार नाही. रस्त्यात जायला जागा नसते, असली तर आत पाय ठेववत नाही. त्यात गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून त्यांनी प्रवासच सोडून दिला. मंगळवेढा त्यांचं माहेर. सोलापूरपासून ५५ किलोमीटर. तिथंही सहा वर्षांत गेल्या नव्हत्या.

म्हणून यंदा नवऱ्याने कॅरॅव्हॅनचा विषय काढला. मिनीबसएवढी गाडी, आत झोपायला पलंग, छोटा ओटा, सिंक, फ्रिज आणि मुख्य म्हणजे खुर्चीसारखं बसता येईल असं संडास. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा गाड्या भाड्याने मिळायला लागल्यात. आमची पुण्याहून आली, सोबत चालवणारे काका. मुलांनी पहिल्याच मिनिटाला तिचं नाव घरगाडी ठेवलं.

लांब कुठं जायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. लोक अशी गाडी घेऊन कोकणात, गोव्यात जातात. आम्हाला आमचाच मुलूख बघायचा होता. सोलापूरहून तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आम्ही शंभर वेळा केलंय, पण सकाळी जायचं, रांगेत उभं राहायचं, रात्री परत, असं. मधे काय आहे ते खिडकीतून पळताना बघितलेलं.

पहिला दिवस: सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा पार पडला होता, होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून भरलेला होता. निघताना सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी थांबलो. सासूबाईंनी गाडीच्या दारातूनच हात जोडले. हे तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन खोदलं असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. ज्या गावात आजही नळाला रोज पाणी येत नाही, त्या गावाचा देव तळं खोदणारा आहे, हे मला फार बरोबर वाटतं.

गाडीची टाकी १०० लिटरची. काकांनी सांगितलं, पाच माणसांना दीड दिवस पुरवा. पुण्या-मुंबईच्या लोकांना म्हणे हे समजावताना त्यांचा घसा बसतो. आम्हाला समजवायला लागलं नाही. सोलापूरच्या घरात मूल चालायला लागतं तेव्हाच त्याला पाण्याचा मग कसा भरायचा ते कळतं.

हैदराबाद रस्त्याला लागलो. अर्ध्या तासाने सासूबाई खिडकीशी सारख्या हलायला लागल्या. मी म्हटलं, "आई, जाऊन या ना, त्यासाठीच तर घेतलीय गाडी." त्या हळूच म्हणाल्या, "नको गं. दोन हातांवर चूल आहे. तिथंच अन्न शिजवायचं आणि तिथंच… मला नाही जमणार."

हा प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता. इतके पैसे मोजले, इतकी चौकशी केली, कमोडची उंची विचारली, आणि हे सुचलं नाही. नवरा समजूत घालायला लागला की मधे दार आहे, पंखा आहे. त्या मान हलवत राहिल्या. मग आमची थोरली, आठवीतली, उठली. गॅसचं बटण बंद केलं, भांडी कपाटात ठेवली, ओट्यावर चादर अंथरली, आणि म्हणाली, "आज्जी, आता हे स्वयंपाकघर नाही. काका गाडी बाजूला घेतील, आम्ही सगळे खाली उतरतो. तुम्ही एकट्या आत."

सासूबाईंनी क्षणभर त्या चादरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं."

गाडी एका लिंबाखाली उभी राहिली. आम्ही चौघे आणि काका खाली. दोन्ही बाजूंना कंबरेच्या वर आलेली ज्वारी, वारा आला की सगळं रान एका बाजूला झुकायचं. मेंढरं घेऊन एक धनगर आजोबा आले. "काय बिघडलं का ओ गाडीचं?" त्यांना सांगितलं, आज्जी आत आहेत. त्यांनी मेंढरं पुढे काढली आणि स्वतः पाठ करून उभे राहिले, आणखी कुणी येत नाही ना ते बघत. पुढच्या पाच दिवसांत असे किती थांबे झाले ते मोजले नाहीत. मुलं त्याला आज्जींचा थांबा म्हणायची. या प्रवासात जे काही चांगलं भेटलं, त्यातलं निम्मं अशाच थांब्यांवर.

नळदुर्गचा किल्ला सोलापूरपासून पाऊण-एक तासावर, धाराशिव जिल्ह्यात. इथली खरी गोष्ट पाणीमहाल. बोरी नदीला किल्ल्यातच बांध घातला आणि त्या बांधाच्या भिंतीच्या पोटात महाल काढला. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ चं काम. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून पाणी दोन सांडव्यांतून खाली कोसळतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात, आणि महालात बसलेल्याच्या डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा येतो. जानेवारीत धबधबे नव्हते. पण धरण अर्धं भरलेलं होतं, आणि भिंतीच्या एका बाजूला एवढं पाणी दाबून उभं आहे, आपण तिच्या पोटात कोरडे उभे आहोत, हे कळल्यावर आमचा धाकटा एकदम गप्प झाला. त्याने भिंतीला तळहात लावला. "गार आहे," एवढंच म्हणाला.

सासूबाई पायऱ्या उतरल्या नाहीत. वर बांधाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. (घडीची खुर्ची न्याच. आमच्या सगळ्या सामानात तिच्याएवढं उपयोगी काही नव्हतं.) उपळी बुरुजावर नवरा आणि थोरली चढून आले, तिथे लांबच लांब तोफा आहेत. पायऱ्या उंच आहेत, लहान मुलांचा हात सोडू नका. पाणीमहालाचं पाणी बघायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर या, मात्र सुट्टीच्या दिवशी गर्दी असते.

दुपारी गाडीतच जेवण. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा, आणि संक्रांतीच्या उरलेल्या शेंगाच्या पोळ्या. कडक भाकरी हा अशा प्रवासाचा राजा आहे. आठ-आठ दिवस टिकते, गॅस लागत नाही, पाणी लागत नाही.

रात्री तुळजापूर. गाडी कुठं लावायची हा कॅरॅव्हॅनवाल्यांचा रोजचा प्रश्न. आमच्याकडे अजून ठरवून केलेले तळ फारसे नाहीत. आमचं उत्तर सांगते: मंगल कार्यालय. ज्या दिवशी लग्नाची तारीख नसते त्या दिवशी आवार मोकळं असतं, फाटक असतं, बोअरचं पाणी असतं, विजेचा जाड प्लग असतो, राखण करणारा माणूस असतो. आधी फोन करून विचारलं तर नाही म्हणत नाहीत. भाडंही लॉजपेक्षा कमी घेतलं.

दुसरा दिवस: तुळजापूरची पहाट, नान्नजचा माळ

तुळजाभवानीचं देऊळ खाली आहे, रस्त्यावरून पायऱ्या उतरून जावं लागतं. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मी महाद्वारातूनच नमस्कार करीन." पण आम्ही गावातच झोपलो होतो. पहाटे साडेचारला त्यांनीच मला हलवलं. बुधवार होता. मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी जी दाटी असते तिचा मागमूस नाही. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला थोरली, एकेक पायरी. गोमुखापाशी दहा मिनिटं बसल्या. घाई करणारं मागे कुणी नव्हतं. गाभाऱ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी काय मागितलं ते मी विचारलं नाही. वर येताना मात्र एकदाही थांबल्या नाहीत.

सोलापूरला परत येऊन बार्शी रस्त्याला वळलो. वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालेलं हे गवताळ रान. आधीच सांगते, माळढोक बघायला म्हणून येऊ नका. आता तो इथे दिसणं फार दुर्मिळ झालंय. अंगाने मोराएवढा, आभाळात उडू शकणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक, मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरला गेला, विजेच्या तारा आल्या. त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही, तो तारांवर आदळतो. हे मी मुलांना सांगत होते तेव्हा धाकटा म्हणाला, "मग आपण कशाला आलो?"

उत्तर माळानेच दिलं. संध्याकाळी ऊन तिरपं झालं आणि वाळलेलं गवत पेटल्यासारखं सोनेरी दिसायला लागलं. त्या गवतातून काळवीटांचा कळप निघाला. पुढे एक काळाभोर नर, पिळाची शिंगं मागे टाकून. एकाने उगाच उंच उडी मारली, मग सगळ्यांनीच मारायला सुरुवात केली. कुणी पाठीला लागलं नव्हतं. वनखात्याचे वाटाडे दादा म्हणाले, "खुशीत असली की अशी उडतात." इथे लांडगेही आहेत, आम्हाला दिसले नाहीत. थंडीत पाहुणे आलेले भोवत्या पक्षी गवतावरून खाली-खाली तरंगत होते.

लोक याला ओसाड म्हणतात. सरकारी कागदांतही माळाला पडीक म्हणायची जुनी सवय आहे. मला वाटतं, आपण सोलापूरकरांनीच तो शब्द आधी सोडायला हवा. झाड नाही म्हणजे काही नाही, असं नसतं. पहाटे किंवा चारनंतर जा, भडक कपडे नकोत, आणि वाटाड्या घ्याच, नाहीतर नुसतं गवत बघून परत याल.

रात्रीचा तळ जवळच्या एका शेतावर, हुरड्यासाठी. आणि इथे आमची चूक झाली. शेतमालक म्हणाले होते, "गाडी बांधावरनंच लावा." अंधारात काकांना बांध कळला नाही. कडेच्या वाफ्याला दुपारीच पाणी दिलेलं. काळी जमीन वरून कोरडी दिसते, आत लोण्यासारखी असते. मागचं चाक निम्मं गेलं. तासभर फळ्या, दगड, पोती घालून झालं. शेवटी रस्त्याने ऊस घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली सोडून ठेवली, साखळी लावली आणि आम्हाला ओढून काढलं. कारखान्यावर त्याचा नंबर मागे पडला असणार. पैसे घेतले नाहीत. "हुरडा खावा आधी, गार होईल," म्हणाला आणि आमच्यातच बसला.

आगटीत गोवऱ्यांवर भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेले हिरवे दाणे, वर शेंगाची चटणी, गूळ, दही. हुरडा असा खायचा की तळहात भाजला पाहिजे. सासूबाईंनी तीन वेळा हात पुढे केला. नंतर ताक आलं. त्यांनी पेला हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि पिऊन टाकला.

तिसरा दिवस: हत्तरसंग कुडल

वाटेत सोलापुरात घरी थांबून टाकी भरली आणि संडासाची पेटी रिकामी केली. यावर स्पष्ट लिहायला हवं, कारण कुणी लिहीत नाही. गाडीच्या संडासाखाली वीसेक लिटरची, चाकं असलेली पेटी असते. त्यात औषध टाकलेलं असतं, वास येत नाही, पण ती रोज किंवा दिवसाआड खऱ्या संडासात नेऊन ओतावी लागते. शेतात, ओढ्यात, नदीत अजिबात नाही. त्यामुळे मार्ग ठरवताना कुठे ओतता येईल ते आधी ठरवा. आम्ही घर मधे येईल असाच मार्ग आखला होता. भांड्यांचं पाणी बादलीत धरून, साबण नसेल तर झाडाला घालायचो.

हत्तरसंग कुडल सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. पलीकडच्या तीरावर कर्नाटक. इथे सीना भीमेला मिळते. सोलापुरातल्या अर्ध्या लोकांनी हे ठिकाण बघितलेलं नसतं, मी स्वतः चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा गेले.

संगमेश्वराच्या देवळात एका तुळईवर शिलालेख आहे, शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. तारीख असलेल्या सगळ्यात जुन्या मराठी शिलालेखांत याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याच्या शेवटच्या ओळीचा अर्थ: जो हे वाचील तो विजयी होईल.

थोरली मान वर करून एकेक अक्षर शोधत होती. "हा वा. हा तो. हे… ज आहे का?" पुजाऱ्यांनी बॅटरी तिरकी धरली, तेव्हा सावली पडून अक्षरं उठून आली. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीने लिहिलं आणि आमची आठवीतली पोरगी त्यातली चार अक्षरं शिकवल्याशिवाय वाचते आहे. माझ्या अंगावर काटा आला. सासूबाई चौथी शिकलेल्या. खालून बघत म्हणाल्या, "मलाही सांग की, कुठला वा?" तिने दाखवला. त्यांनी बोटाने हवेत गिरवला.

(बॅटरी बरोबर न्या आणि ती समोरून न धरता बाजूने धरा. दगडाला हात लावू नका, खडू किंवा पाणी तर नाहीच.)

शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात जे शिवलिंग आहे, त्यासारखं मी दुसरं पाहिलेलं नाही. हे देऊळ मातीत गाडलेलं होतं, उकरताना ते मिळालं. एका मोठ्या लिंगावर रांगांनी कोरलेली ३५९ मुखं. धाकट्याने मोजायला घेतली, साठाच्या पुढे चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्याला तिथून हलवायला अर्धा तास लागला.

रात्री तिथेच, गावातल्या एका काकांच्या अंगणात राहिलो. त्यांच्या घरी मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात चालत होतं. काकू गाडीतल्या ओट्यापाशी आल्या, आमचा गॅस, सिंक, कपाटं उघडून बघितली. मी चकोल्या करत होते. त्यांनी वाटीत घेऊन चव बघितली आणि "आमसूल घाल गं अजून," म्हणत स्वतः घरातून आणून टाकलं. खरंच, त्याने बदल झाला.

पहाटे संगमावर धुकं. दोन नद्या कुठे एक होतात ते दिसतच नव्हतं. गारठा चांगलाच होता. अंगावर सोलापुरी चादर घेऊन सासूबाई खुर्चीत बसून होत्या आणि हातात चहाचा मोठा कप होता. मी काही बोलले नाही.

चौथा दिवस: माचणूर, मंगळवेढा

कामती, बेगमपूर करत भीमेवरचा पूल ओलांडला की माचणूर. या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या फार. हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडल्यावर मोठी गाडी चालवू नका. ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, कधी दोन-दोन जोडलेल्या असतात. कॅरॅव्हॅन उंचही असते, गावातल्या लोंबत्या तारा आणि बाभळीच्या फांद्या छताला लागतात. आम्ही गल्लीत शिरायच्या आधी एकाला खाली उतरवून पुढे चालवायचो.

माचणूरला नदीकाठी सिद्धेश्वराचं देऊळ, घाट, आणि पडझड झालेली गढी. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ इथे भीमेच्या काठावर होती, त्या काळी ब्रह्मपुरी म्हणत. मराठ्यांच्या मागे दख्खनभर फिरून थकलेला बादशहा चार वर्षं याच पाण्यावर बसून होता. आज त्या घाटावर दोन बायका धुणं धूत होत्या आणि एक पोरगा म्हशीच्या पाठीवर आडवा झोपला होता. आम्ही तासभर नुसते पायरीवर बसलो.

मंगळवेढा जवळ यायला लागलं तशा सासूबाई बोलायला लागल्या. हे रान कुणाचं, ती विहीर कधीची, इथं शाळा भरायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मालदांडी ज्वारी निसवून उभी होती, मोत्यासारखे दाणे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय. तिला पाऊस लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत जी ओल मुरते तिच्यावर रब्बीची ज्वारी सगळा हिवाळा काढते. वर एक थेंब नाही आणि खाली मुळं खोल-खोल जाऊन पाणी शोधतात. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वडिलांचं सगळं आयुष्य या ओलीवर गेलं."

दामाजीपंतांच्या देवळात गेलो. बहामनी काळात दुष्काळ पडला आणि या माणसाने सरकारी धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली, स्वतःचा जीव पणाला लावून. पुढे विठोबाने महाराचं रूप घेऊन बादशहाकडे पैसे भरले, अशी कथा. मंगळवेढ्यात ती अजून काल घडल्यासारखी सांगतात. संत चोखामेळाही इथलेच. गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून १३३८ मध्ये गेले.

मग माहेर. वाडा विकून वीस वर्षं झाली, त्याजागी तीन मजली इमारत आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी गाडी त्या बोळाच्या तोंडाशी उभी करायला लावली. खाली उतरल्या नाहीत. खिडकीची काच सरकवून बघत राहिल्या. समोरच्या ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. बराच वेळ दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मग ती बाई उठून जवळ आली.

"तू वरच्या आळीतली धाकटी न्हवं?"

सासूबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. दोघी शाळेत शेजारी बसायच्या. त्या मावशींना हात धरून आम्ही गाडीत चढवलं. दोन तास त्या पलंगावर मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. कोण गेलं, कुणाची पोरं कुठं, विहिरीत कोण पडलं होतं. मी तीन वेळा चहा केला. पोरं खाली बोळात खेळत होती. मधेच मावशींनी विचारलं, "जायची सोय?" सासूबाईंनी त्यांना दार उघडून दाखवलं, झाकण कसं उघडायचं, पाण्याचं बटण कुठं, गॅस आधी बंद का करायचा, सगळं सांगितलं. मावशी आत उभं राहून नीट बघून आल्या. "बाईमाणसासाठीच काढलंय बघ हे," म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "मी पंढरपूरला जाऊन पाच वर्षं झाली. इथनं पंचवीस किलोमीटर. याच्यापायीच."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नवऱ्याकडे. गाडीत सीटबेल्ट सहा होते, आम्ही काकांसकट सहाच. मग नवरा म्हणाला, "मी एसटीने येतो की. तासाचा तर रस्ता."

मावशींनी पिशवीत एक लुगडं आणि औषधं भरली. त्यांच्या सुनेने शेंगांची पुरचुंडी दिली.

पाचवा दिवस: पंढरपूर आणि घर

पंढरपूरला रात्र गावाबाहेर, नात्यातल्यांच्या शेतावर. मोठी गाडी देवळाजवळ नेता येत नाही, प्रयत्नही करू नका. रिक्षाने जा. एकादशी टाळा, आणि आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांचे दिवस बघून तारीख धरा. पायावर डोकं ठेवायचं तर रांग मोठी, मुखदर्शनाची वेगळी आणि लवकर सरकते. दोघी मुखदर्शनाला गेल्या. बाहेर येऊन नामदेव पायरीशी थांबल्या. समोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याच्या दोन बायका तिथे बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. मावशी म्हणाल्या, "आपल्या गावचा माणूस." पांडुरंगापुढे जेवढ्या थांबल्या असतील त्यापेक्षा जास्त वेळ इथे.

चंद्रभागेला पाणी बेताचंच होतं. होडीवाल्याने दोघींना उचलूनच होडीत बसवलं. बुक्का, तुळशीमाळ, चुरमुरे-डाळे घेतले. मावशींचा मुलगा दुपारी मोटारसायकलवर आला आणि त्यांना घेऊन गेला. जाताना दोघी रडल्या नाहीत. पुढच्या वर्षी हुरड्याला, एवढंच ठरलं.

आम्ही मोहोळमार्गे परतलो. मोहोळच्या अलीकडे टपरीवर चहाला थांबलो. उन्हं उतरली होती, सोलापूर चाळीस किलोमीटर राहिलं होतं. मी सवयीने सासूबाईंना अर्धाच कप दिला. त्यांनी तो संपवला, मग पाण्याची बाटली मागितली, चार मोठे घोट घेतले आणि रिकामा कप पुढे केला.

"अजून दे गं. पुढं थांबता येतंय की."